लोंबती गुळवेल

मी एकटीने लिहिलेलं पहिलं पत्रक गुळवेलीवर होतं: ती कापू नका. वडील पत्रकं छापायचे, मी घड्या घालत मोठी झाले. कागदाने माणसं हलतात यावर माझा विश्वास होता. हललीही. जालना जिल्ह्यात टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात सरपंचांनी ठराव आणायचं ठरवलं: गायरानातली गुळवेल कुणीच कापायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या राखणारी मावशी दारात उभी.

"काय गं बाई, माझ्या पोटावर काहून लिहून राह्यली तू?"

शेळ्यांमागे फिरताना ती गुळवेलीच्या काड्या कापायची, सावलीत वाळवायची आणि जालन्यात मस्तगडच्या जडीबुटीच्या दुकानात विकायची. घरचा तेल-मिठाचा खर्च, नातीची शाळेची रिक्षा, सगळं त्यावर. मला ते ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात बाहेरचा टेम्पो येऊन वेली मुळासकट उपटून घेऊन गेला होता, आणि कडुलिंबांखालचे खड्डे मी पाहिले होते.

"मावशी, कापून कापून वेल संपली तर तू काय विकशील?"

"बघितलं का कधी मी कशी कापते? चल."

गायरानात तिने एक झाड दाखवलं. वेलीचा हातभर तुकडा कमरेच्या उंचीवर कापून नेलेला, वरचा भाग फांद्यांना लटकलेला. मी म्हणाले, ही तर मेली.

"डोळे हायेत का बटनं? खाली बघ."

वरच्या वेलीतून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत होती. दोन तर मातीत शिरलेली. मी गुडघ्यावर बसले. हवेतून मुळं? किती दिवसांत? पावसाशिवाय येतात? टेम्पोवाल्यांनी वरचा भाग ठेवला असता तर? एवढी पत्रकं वाचली, हे कुठेच नव्हतं.

"बारीक काडी दुकानदार वापस करतो," मावशी म्हणाली. "अंगठ्याएवढी झाली की भाव येतो. तवर मी हातच लावत न्हाई. उपटली तर मंग पुढच्या साली काय विकू, तुझी पत्रकं?"

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि माझं पत्रक चुकलं म्हणाले. सरपंच हसले. "परवाचं खरं का आजचं?"

"आजचं. झाडापाशी चला, दाखवते."

दहा-बारा जण आले. बराच वेळ माना वर करून बघत होते. ठरावातली ओळ तिथेच बदलली: उपटायला बंदी; कापायची तर अंगठ्याएवढी जाड झाल्यावरच, आणि वरची वेल झाडावर ठेवून. सरपंचांनी एक लोंबतं मूळ बोटाने ओढून पाहिलं. मावशीने त्यांच्या हातावर चापट मारली.

"सोडा ते, भाऊ. पुढच्या सालचा बाजार हाय माझा."