कळंबात पडलेला बर्फ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मोबाईलमधल्या फोटोंसारखे ते आपोआप साठतात. मग जागा संपली म्हणून मेसेज येतो, आपण पुसायला बसतो आणि एकही पुसवत नाही. माझं सध्या तसंच झालंय. दादा जाऊन अडीच महिने झाले. कळंब-वाशी रस्ता, त्याची मोटारसायकल, पुढं उसाची ट्रॉली. ह्यापुढं मला सांगता येत नाही. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा सांगून जातो. पण खोलीतले किस्से आम्हा तिघांनाच माहीत आहेत, म्हणून ते मी सांगतो.

खोली म्हणजे कळंबात खताच्या दुकानावरची. तिथं दादा गेम बनवायचा. शबानाआपा चित्रं काढायची, एरवी ती फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करते. आवाज महेशचे. तो लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. मी नववीत शाळा सोडलेला, माझं काम खेळून बघायचं आणि कुठं अडकतंय ते सांगायचं. मी टेस्टर!

गेम नॉर्वेकडच्या जुन्या गोष्टींवरचा. एका पोरीच्या भावाला डोंगरानं आत ओढून नेलंय आणि ती त्याला शोधायला निघते. तिकडं म्हणे असं माणूस डोंगरात गेलं की चर्चची घंटा वाजवत राहायची, मग डोंगर त्याला सोडतो. गेमचा शेवट तेवढा दादाचा करायचा राहिला. भाऊ बाहेर येतो का नाही, हे त्यानं आमच्यापैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.

एवढ्या लांबच्या गोष्टी कशाला, असं विचारलं की तो म्हणायचा, "आपल्या भुतांवर गेम केला तर आई रोज चुका काढंल."

*

गेममध्ये सगळीकडं बर्फ. आमच्यापैकी कुणी बर्फ बघितलेला नाही, रसवंतीवरचा सोडून. त्यावरून चालताना आवाज कसा येतो, ह्यावर दोन दिवस भांडण झालं. महेशनं कापसावर चालून बघितलं, आवाजच येईना. आमच्या घरी येऊन पिठावर चालला तर आईनं त्याला बाहेर काढला.

शेवटी तो खाली दुकानात गेला आणि युरियाच्या अर्ध्या पोत्यावर मोबाईल धरून हळूहळू चालायला लागला. करकर, करकर. अगदी पाहिजे तसा आवाज. दुकानवाले नाना बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बाकावरच्या शेतकऱ्याला हळूच सांगितलं, "बँडमधलं पोरगं हाय. सीझन संपला की असं होतं."

*

ट्रोल म्हणजे तिकडचा डोंगरातला राक्षस. अंगावर ऊन पडलं की त्याचा दगड होतो. आपानं पहिला ट्रोल काढला तेव्हा तिच्या दुकानात निवडणुकीची गर्दी होती, हाताला तेच वळण पडलेलं. ट्रोलचं कपाळ चकचकीत, मिशी कोरलेली आणि उजवा हात वर करून तो आमच्याकडं बघून हसत होता.

दादानं चित्र उलटंपालटं करून बघितलं. "आपा, ह्याला राक्षस करायचाय. सरपंच न्हाय."

आपा म्हणाली, "कमरेखालचं बघ की. शेपटी काढलीय मी."

*

तिकडं गोठ्यात एक बुटका राहतो. लाल टोपी, पांढरी दाढी. त्याला लापशीवर लोणी घालून वाटी ठेवायची. ठेवली नाही तर तो चिडतो आणि जनावरांना त्रास देतो. दादा हे आईला दाखवत होता. आई म्हणाली, "निवद ठिवला आन् पाणी न्हाय फिरवलं? मग खाईल कसा त्यो?"

दादानं समजावलं की तिकडं असं नसतं. आई म्हणाली, "म्हणून तर चिडतोय." दादानं दोन दिवस घालवून गेममधल्या पोरीला वाटीभोवती पाणी फिरवायला शिकवलं.

गेमचा पहिला भाग नेटवर टाकला तेव्हा तिकडच्याच एका माणसाचा मेल आला. अशा गोष्टींचा त्याचा अभ्यास होता. गेम आवडला, पण ही पाणी फिरवायची पद्धत मी कुठं वाचलेली नाही, ती नॉर्वेच्या कुठल्या भागातली, असं त्यानं विचारलं होतं.

आपा म्हणाली, खरं सांगून टाक. दादानं जरा विचार केला आणि लिहिलं, "दक्षिणेकडची."

*

गेममध्ये एकही शब्द नाही. लोकांनी त्याचं लई कौतुक केलं. एकानं तर लिहिलं की ह्या शांततेत जंगलाचं एकटेपण आहे. खरी गोष्ट अशी की आधी भरपूर इंग्रजी होतं आणि मी ते न वाचता दिसेल त्याला काठी मारत सुटायचो. मदत करणाऱ्या म्हातारीलासुद्धा मी तीनदा मारली. दादानं एक दिवस सगळे शब्द काढून टाकले. मला वाटलं, तो माझ्यावर चिडलाय. तो म्हणाला, "तुला कळला तर जगाला कळंल."

*

तेराव्यानंतर महेश म्हणाला की आता शेवट आपण पुरा करू. माझं डोकं फिरलं. दादाच्या गेमला कुणी हात लावायचा नाही म्हणून मी सीपीयू उचलला, मोटारसायकलवर बांधला आणि गावाकडं आणून कपाटात ठेवला. कुलूपही लावलं.

दुसऱ्या दिवशी आपा घरी आली. आईजवळ बसली, चहा घेतला. जाताना मला म्हणाली, "वायरी खोलीतच राहिल्यात तुझ्या. आणि सगळा गेम माझ्या पेनड्राईव्हमध्येबी हाय. पण तू असल्याशिवाय आम्ही उघडणार न्हाय."

संध्याकाळी मी सीपीयू परत नेला. एकच अट घातली, भाऊ बाहेर आला पाहिजे.

*

गेल्या मंगळवारी शेवट उघडला. डोंगराला दार होतं, घंटा होती, भाऊसुद्धा होता. पण घंटा किती वेळ वाजवली की तो बाहेर येतो, तिथं दादानं आकडाच लिहिला नव्हता. आपानं विचारलं, काय टाकू? मी म्हणालो, आधी खेळून बघतो.

बटण दाबून धरलं की घंटा वाजते. डोंगर उघडतो, भाऊ दारात येऊन उभा राहतो. बटण सोडलं की वळून आत जातो. मी एकदा सोडलं. परत सोडलं नाही. महेश आणि आपा जेवायला गेले, येताना माझ्यासाठी काही आणू का म्हणाले. मी नको म्हणालो.

दुपारी आई एसटीनं डबा घेऊन आली. जिना चढून दम लागला होता. तिनं डबा ठेवला आणि स्क्रीनकडं बघितलं. "कोण त्यो?"

"पोरीचा भाऊ. बटण सोडलं की आत जातोय."

आईनं पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"सरक," ती म्हणाली. "तू जेवून घे. तवर मी धरते."