थांबाबाई आणि आत्याचं अर्धं वाक्य

इस्पितळात तिला सगळे थांबाबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात. भूल देणं हे तिचं काम, आणि दोन औषधांच्या मध्ये थांबून राहणं ही तिची खोड. तिकडे सर्जन हातमोजे चढवून तयार, आणि ही आपली टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसून पेशंटला विचारतेय, "कुठे जायचंय आज?"

कुणी नदीवर जाई, कुणी माहेरी. एक ड्रायव्हर म्हणाला होता, कुठेच नको, जरा घरी बसतो. ती आधी वेदनेचं औषध थोडंसं देई आणि ऐकत राही. शब्द जड होत, वाक्य अर्ध्यावर विरघळे. मग ते दुधासारखं पांढरं झोपेचं औषध, सावकाश. ही दोन औषधं एकत्र आली की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एकेकटी गरीब वाटणारी दोघं मिळून श्वास बंद पाडतात, रक्तदाब खाली खेचतात. म्हणून पहिल्याचा रंग पाहिल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नसे. ती अर्धी वाक्यं मात्र तिच्याकडेच राहत. घरी भांडी विसळताना एखादी कुणाची तरी नदी उगाच वर येई, आणि तिचा हात नळाखाली तसाच राही.

आज टेबलावर आत्या होती. आईवडील गेल्यावर हिला वाढवणारी, खमकी, कशालाही न डगमगणारी. पित्ताशय इतकं सुजलं होतं की ऑपरेशन पुढे ढकलायची सोय नव्हती. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, हे ती सांगून थकली. आत्या ऐकेल तर शपथ. "तुझ्याच हातून, नाहीतर मी ही चालले घरी!"

पहिलं औषध गेलं. "आत्या, कुठे जायचंय?"

"तुझ्या शाळेच्या वळणावर," आत्या म्हणाली. "तुला घ्यायला यायचे ना... तेव्हा आधी मी..."

आणि गप्प. पापण्या मिटल्या, छाती फारच हळू हलू लागली. एवढ्याशा औषधाने?

"मॅडम, करायचं ना सुरू?" सर्जन म्हणाले.

"थांबा." तिने मास्क धरला, प्राणवायू सोडला, आत्याचा खांदा हलवला. "आत्या, मोठा श्वास घे. आज काही घेतलंयस का? खरं सांग."

आत्याने कष्टाने डोळे उघडले. "झोपेची गोळी. पहाटे. एकच," ती अपराधी आवाजात पुटपुटली. "पाण्याशिवाय गिळली गं. तू म्हणालीस ना, पाणीसुद्धा नको."

म्हणजे पोटात एक तिसरं औषध होतं, ताकास तूर लागू न देता बसलेलं. वयावजनाच्या हिशोबाने भरलेली पांढरी सिरिंज सगळी गेली असती, तर आत्या त्या वळणावरून परतली नसती. तिने सलाईन वाढवलं आणि पांढरं औषध थेंबाथेंबाने सोडलं. डोळा मॉनिटरवर, बोट आत्याच्या नाडीवर. रक्तदाब जरा घसरला, अडखळला, टिकला. सिरिंज अर्धीही संपली नव्हती, तोच आत्या गाढ झोपली. हिरव्या खोलीत फक्त नाडीची टिकटिक राहिली. तिला वाटलं, आपण शाळेच्या फाटकाशी दप्तर घेऊन उभ्या आहोत आणि आत्या अजून यायचीय.

दुपारी आत्याने डोळे उघडले. खिडकीतलं ऊन पांघरुणावर आलं होतं. थांबाबाई ड्युटी संपूनही खाटेशीच बसलेली.

"गोळी का घेतलीस गं? भीती वाटत होती, तर मला सांगायचं तरी!"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. अजून अर्धी तिकडेच होती ती.

"...आधी मी वळणावरच्या नळावर तोंड धुवायचे," ती म्हणाली. "वाटभर रडलेलं तुला दिसू नये म्हणून."