एकट्याचं नामंजूर

सोसायटीच्या सभेत तात्या सगळ्यात मागे, दाराजवळ बसायचे. अध्यक्षांनी ठराव वाचला की "मंजूर, मंजूर" असा गलका व्हायचा. तो ओसरला की तात्या गुडघ्यावर हात टेकून उठायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "माझं नामंजूर. लिवून घ्या." लोक हसायचे. तात्याही हसायचे आणि खाली बसायचे.

हे मी पाहत असे, कारण सभा माझ्याच वर्गात भरायची. प्रवरेकाठच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा तात्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. सोसायटी पाण्याची होती. नदीवर मोटर बसवलेली, तिथून पाटानं शेतांना पाळीपाळीनं पाणी. अध्यक्ष होते आण्णा, गावातले मोठे बागायतदार. ते आवाज कधी चढवत नसत, त्यांना तशी गरजच पडत नसे. तात्यांवर तर त्यांचा जीव! एखाद्या वेळी तात्यांना उठायला उशीर झाला तर तेच हसून म्हणायचे, "तात्या, तुमचं नामंजूर र्‍हायलं की!"

लग्नाच्या पंगतीतही तात्यांचं तेच. सगळ्यांनी जिलेबी घेतली की हे भाकरी मागणार. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कपाळाला हात लावायच्या. मी एकदा विचारलंच, "तात्या, तुमच्या एकट्याच्या नाही म्हणण्यानं काय होतं हो?"

"काय व्हत न्हाई, बाई. पन सगळीच व्हय म्हनाया लागली की मला आपलं गुदमरल्यावानी हुतं."

बहात्तरच्या दुष्काळात नदी आटत आली. आण्णांनी ठराव मांडला, की पाटाच्या शेवटाकडच्या शेतांच्या पाळ्या निम्म्या कराव्यात आणि ते पाणी वरच्या अंगाच्या उसाला द्यावं. शेवटाकडचे लोकही "मंजूर" म्हणाले. तात्या उठले. आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आणखी एक जण उठला. तो दगडू. पाटाच्या अगदी टोकाला त्याची दीड एकर जमीन, दावणीला दोन गाई. "माझंबी नामंजूर," तो म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तात्यांना कुणी बोटही लावलं नाही. दगडूची पाळी आली की मात्र मोटर बिघडायची, आणि पाळी सरली की सुरू व्हायची. हॉटेलात तो बाकावर टेकला की बाकीचे उठायचे. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आण्णांच्या मनातलं ज्याला त्याला न सांगता कळत होतं. गाईंसाठी लावलेला दगडूचा घास वाळून गेला. एक गाय विकावी लागली.

तात्या तडक आण्णांकडे गेले. "सुरुवात म्या केली. मला शिक्षा करा."

आण्णांनी चहा मागवला. "तुमाला कशाची शिक्षा, तात्या? तुमी आमचेच."

तात्यांचं जेवणावरचं मन उडालं. मला म्हणाले, "एकटं उभं र्‍हायाचं मला कधी जड गेलं न्हाई, बाई. संगं कोनी आलं, आन् लई जड झालं."

पुढच्या सभेत तोच ठराव पुढच्या पाळ्यांसाठी पुन्हा आला. गलका ओसरला. आण्णा दाराकडे बघत थांबले. तात्या उठले. दगडूनं उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला, तेवढ्यात तात्या घाईघाईनं म्हणाले, "मंजूर."

"ऐकू आलं न्हाई, तात्या. जरा मोठ्यानं," आण्णा म्हणाले.

"मंजूर!"

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी व्हरांड्यात उभी होते. इतकी वर्षं झाली, पण त्या टाळ्या मी विसरले नाही.

दुसऱ्याच दिवशी दगडूच्या शेतात पाणी आलं. संध्याकाळी तो तात्यांकडे आला आणि ओट्याखाली उभाच राहिला.

"पानी आलं?" तात्यांनी विचारलं.

"आलं."

"मग झालं तर."

"काय झालं, तात्या?" दगडू म्हणाला. "एक गाय इकली, दुसरीबी इकली असती. मी काय तुमच्या नादानं उभा र्‍हायलो हुतो व्हय? माझ्यासाठी मंजूर म्हनालात, तर मला इचारायचं तरी हुतं!"

तो गेला. तात्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आण्णानं सभेत निदान इचारल्यासारखं तरी केलं, बाई. म्या तेबी न्हाई केलं."

त्यानंतर तात्या सभेला गेले नाहीत. गावात मान वाढला होता, लोक वाट सोडून रामराम घालत. तात्या मान वर करत नसत. माणूस खचताना मी रोज बघत होते आणि माझ्या हातात काही नव्हतं. दिवाळीच्या आधी त्यांनी अंथरूण धरलं, ते उठले नाहीत. दगडू रोज शेतावरून यायचा आणि न बोलता पाय चेपत बसायचा. अखेरच्या दिवशी तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"तुला इचारायला पायजे हुतं, बाबा."

"व्हय," दगडू म्हणाला, "पायजे हुतं." आणि रडत रडत तो पाय चेपत राहिला.