स्कॅनरच्या काचेवरचं कुंकू

स्वस्तातल्या नव्या वस्तूंचा मला सोस होता. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, हात शिवशिवत होते. धामणकर नाक्यावरच्या दुकानातून आधी वेबकॅम आणला. त्यात माणसं निळी दिसायची. मग फुकट मिळणाऱ्या जागेवर आमच्या लूमच्या कारखान्याची वेबसाइट केली. किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा तिच्यावर होता. महिन्याभरात तो सातवर गेला, त्यातल्या सहा वेळा मीच. माझे सासरे, म्हणजे आबा, या सगळ्याला एकच नाव ठेवत: सूनबाईची डबडी. मला ते भारी झोंबायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी स्कॅनर आणला. नारपोलीतल्या आमच्या कारखान्यात दसऱ्याला लूमची पूजा होते. ज्याच्या हाताखाली जो लूम चालतो, त्यानेच त्याला हार घालायचा, हा आबांचा नियम. स्कॅनरची पूजा मात्र त्यांनी स्वतः केली. मी हार घ्यायला पुढे झाले तर म्हणाले, "तू ताट धर." मी ताट धरलं. दातओठ खात धरलं, हेही सांगून टाकते.

दिवाळी झाली आणि सुरतच्या व्यापाऱ्याचा फोन आला. पिक कमी आहे, माल परत पाठवतोय. पिक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. ठरले होते बावन्न. तिकडे मोजले तर अठ्ठेचाळीस भरले म्हणे. आबांनी रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. चहा तसाच निवला.

"तीस वर्सांत माजा एक ताका कुनी परत धाडला न्हाय," ते म्हणाले. "आता बाजारात कंचा तोंड दाखवू?"

त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

कापडाच्या प्रत्येक ताक्याचा एक तुकडा आबा कापून ठेवत. मी या मालाचा तुकडा मागितला.

"कापड बोटांनी बगतात, पोरी. या डबड्यात काय दिसनार हाय?"

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. कापड पांढरं, स्कॅनरचं झाकणही पांढरं. पडद्यावर नुसतं दूध. मग तुकड्यावर माझी काळी ओढणी पसरली, कडेला स्टीलची पट्टी ठेवली आणि झाकण लावलं. या वेळी एकेक धागा सुटा दिसला. आबांनी अगरबत्तीची काडी पडद्यावर टेकवत दोनदा मोजलं. बावन्न. मी ते चित्र ईमेलने धाडलं. तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं; चित्र जाईपर्यंत दुसरा चहा होऊन पिऊनही झाला.

अर्ध्या तासाने सुरतहून फोन. "पिक तो बराबर दिखता है. पर ये लाल दाग? दागी माल भेजा क्या?"

आबांचा चेहरा उतरला. चित्रात कोपऱ्याला खरंच लाल ठिपका होता. धागे मोजायच्या नादात आमचं तिकडे लक्षच नव्हतं. तुकडा उलटसुलट पाहिला, स्वच्छ. झाकण उचललं तर काचेवर कुंकवाचं वाळलेलं बोट. मी पूजेनंतर झाकण तेवढं पुसलं होतं.

"मशिनीचा तोंड तर तेच ना," आबा पुटपुटले. "तितंच लावला मी."

पुसून नवीन चित्र पाठवता आलं असतं. पण धुतलेल्या पुराव्यावर व्यापारी कशाला विश्वास ठेवील? मी कापड काढलं, काचेवर नुसती पट्टी ठेवली आणि ते चित्र धाडलं. ठिपका तिथल्या तिथे होता. खाली लिहिलं: हे दसऱ्याच्या पूजेचं कुंकू आहे, कापडावर डाग नाही.

आता फोनवर हसू होतं. "बहूजी, हमने भी कंप्यूटर पे साथिया बनाया है." साथिया म्हणजे कुंकवाचं स्वस्तिक. कापड ताणलं की इंचात धागे कमी भरतात; त्यांनी आपल्या माणसाला ते न ताणता पुन्हा मोजायला लावलं. बावन्न भरले. माल तिकडेच राहिला.

त्या दिवशी मी काही काम नसताना घरभर मान ताठ करून फिरले. आबांनी ही गोष्ट नाक्यावरच्या प्रत्येक टपरीवर सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. आठवड्याभरात शेजारचे कारखानदार आपापले तुकडे घेऊन आमच्या ओटीवर हजर. डबडं हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

पुढच्या दसऱ्याला सगळे लूम पुजून आबा घरी आले. मी सवयीने ताट घेऊन स्कॅनरपाशी उभी राहिले. आबांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि झेंडूचा हार माझ्यापुढे धरला.

"घाल," ते म्हणाले. "तुज्या हाताखालची मशीन हाय ती. मी ताट धरतो."