बारा हजार वेळा वीज तोडून

ऑफिसात सगळे तिला प्लगवाली म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण दिवसाकाठी दोनशे वेळा प्लग उपटणं हेच तिचं काम होतं. ती कंपनी एक छोटा डेटाबेस बनवायची. छोटा म्हणजे असा, की त्याला वेगळा संगणक लागत नाही. लायब्ररी म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला जोडायचा तयार तुकडा म्हणून, तो एखाद्या यंत्राच्या पोटातच राहतो. एक खूण, म्हणजे 'की', सांगून नोंद, म्हणजे 'व्हॅल्यू', त्याच्या हवाली करायची, आणि पुढे कधीही तीच खूण सांगितली की तीच नोंद परत मिळाली पाहिजे. मध्ये वीज गेली तरी. लायब्ररी चालवणारा सर्किट बोर्ड नोंदी लिहिण्यात दंग असताना प्लगवाली खसकन प्लग ओढायची, पुन्हा लावायची आणि एकेक नोंद परत वाचून घ्यायची. "लिहिलंय म्हणून सांगू नका मला," ती म्हणायची, "वाचून दाखवा."

लायब्ररी लिहिणाऱ्या मुख्य प्रोग्रामरला सगळे पाठीमागे वेगोबा म्हणत. हा गृहस्थ चहासुद्धा घड्याळ लावून प्यायला असता. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ होती, 'हे नुसतं डोक्यात ठेवू नकोस, आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव' असं यंत्राला बजावणारी. ती ओळ वेळ खाते म्हणून वेगोबाने एके दिवशी ती काढून टाकली. वेग आठपट झाला, पेढे तेवढे वाटायचे राहिले. प्लग उपटला की हे बिंग फुटणार, म्हणून त्याने टेस्टच बदलली. प्लग काढायचा नाही, प्रोग्राम मध्येच मारायचा.

"अगं, दोन्ही एकच," तो म्हणाला. "वर तुझे हात दुखायचे थांबतील."

"एकच कसं, सर? प्रोग्राम मेला तरी यंत्र जिवंत असतं. त्याच्याकडे दिलेलं ते मागाहून डिस्कवर उतरवतं. वीज गेली की सगळंच मेलं."

"बघू गं," म्हणून तो निघून गेला.

तिने सांगितलं ते तोंडी. ईमेल केली नाही, चिठ्ठी दिली नाही. जगाला 'वाचून दाखवा' म्हणणाऱ्या बाईने स्वतःचा आक्षेप मात्र हवेत सोडून दिला. पुढे ती वेगोबापेक्षाही या एका गोष्टीवर जास्त दातओठ खायची.

ती लायब्ररी लस ठेवायच्या फ्रिजमध्ये तापमान नोंदायला गेली. एका हॉस्पिटलात भर दुपारी वीज गेली, आली, आणि आधीच्या दोन तासांच्या नोंदी गायब. लस थंड होती याचा पुरावाच उरला नाही, म्हणून खोकीच्या खोकी फेकून द्यावी लागली. कंपनीचे मालक, थोरले साहेब, त्यांनी मीटिंग बोलावली.

"टेस्टिंगमध्ये सुटलं," वेगोबा म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. "प्लगची टेस्ट यांनी परस्पर बंद केली होती."

ती बोलायला उठली तर थोरले साहेब म्हणाले, "कागद आहे का काही?" कागद नव्हता. कोडमधली कुठली ओळ कुणी कधी बदलली याची नोंद असते, तीच दाखवावी म्हणून ती जागेवर धावली, तोवर तिचा पासवर्ड बंद झाला होता. संध्याकाळी ती पाण्याची बाटली आणि एक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन घरी आली.

तिच्या सासूबाईंनी सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात काढला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोडायचं नाही हं त्याला."

तिने सोडलं नाही. वर्षभराने तिला रुग्णवाहिकेतली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं, बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर पारखून घ्यायचं. दुसऱ्याच आठवड्यात तिने विक्रेत्यांच्या फॉर्ममध्ये दोन गोष्टी घातल्या. कोड सगळ्या बदलांच्या इतिहासासकट द्यावा. आणि पूर्वी कधी नोंदी हरवल्या असल्यास कारण लिहावं. तिथल्या साहेबांना वाटलं, काय कसोशीची बाई आहे! कसोशी कसली, डूख धरला होता तिने. एका फळीवर तिने आपोआप वीज तोडणारं आणि जोडणारं यंत्रही बसवलं, म्हणजे हात मोकळे.

सासूबाई रोज विचारायच्या, "आला का गं तुझा वेगोबा?"

"नाही हो."

"येईल. लायब्ररी चांगली आहे म्हणतेस ना? मग जाईल कुठे!"

चौथ्या वर्षी आला. आधी आला तो फॉर्म. नोंदी हरवल्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'टेस्टरने परस्पर चाचणी बंद केल्यामुळे.' अजून तेच! तिने लायब्ररी फळीवर चढवली आणि आता हिचे बारा वाजतील म्हणून बघत बसली.

हजार वेळा वीज तुटली, एक नोंद हरवली नाही. पाच हजार, नाही. नवव्या दिवशी बारा हजार झाले तरी सगळं जिथल्या तिथे. तिला रागाने रडू आलं.

"पास होतेय मेली," तिने सासूबाईंना सांगितलं.

"मग पास कर. लायब्ररीने काय घोडं मारलंय तुझं? ज्याने मारलं त्याला धर."

दुसऱ्या दिवशी तिने बदलांचा इतिहास उघडला. ती ओळ परत आली होती. कोणी आणली? वेगोबाने. शेरा, 'किरकोळ साफसफाई'. तारीख मीटिंगच्या दोन दिवस आधीची. म्हणजे दोष आपलाच आहे हे कळून, तो गुपचूप झाकून मग तो मीटिंगला आला होता, तिच्या माथी खापर फोडायला. तिने ते पान छापून घेतलं. आता तिला मजा येत होती.

शेवटच्या बैठकीला वेगोबा हसत आत शिरला. "अगं, तू इथे?"

"बसा," ती म्हणाली. आपल्या साहेबांसमोर तिने आधी निकाल सांगितला, बारा हजार वेळा वीज तोडली, नुकसान शून्य, लायब्ररी पास. वेगोबा खुलला. मग तिने ते पान त्याच्यापुढे सरकवलं. "हे वाचून दाखवा."

"किरकोळ... हे जुनं आहे."

"तारीख वाचा. आणि मीटिंग कधी होती?"

त्याने पान उलटं करून ठेवलं.

"आधी ही ओळ काढली कोणी?"

"मी," तो म्हणाला. तिचे साहेब फॉर्मकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत होते. खोटा फॉर्म ते घेणार नव्हते, हे त्याला दिसत होतं. "मॅडम, ऑफिसला जाऊन लगेच दुरुस्त करून पाठवतो."

"इथेच करा. प्रत थोरल्या साहेबांना."

त्याने लॅपटॉप उघडला. दहा मिनिटं लागली. इतकं सावकाश त्याने जन्मात काही लिहिलं नसेल. "पाठवलं," तो पुटपुटला.

"पाठवलं म्हणता," ती म्हणाली आणि थोरल्या साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "नमस्कार, मी प्लगवाली. आत्ता आलेली ईमेल जरा मोठ्याने वाचता?"

थोरले साहेब अडखळत वाचू लागले. "डिस्कवर उतरवणारी ओळ मी काढली होती. प्लगची चाचणी मीच बंद करवली. टेस्टरने आक्षेप घेतला होता." ते थांबले.

"पुढे?"

"मीटिंगमध्ये मी खोटं बोललो." ईमेल संपली आणि ते स्वतःचं बोलू लागले. "हे बघ, तेव्हा माझ्याकडूनही..."

तिने फोन ठेवला. माफी ऐकायला तिने फोन लावलाच नव्हता. वेगोबाने मान वर केली नाही, आणि तिने ती खाली घातलेली मान मन भरेपर्यंत पाहून घेतली.

"आला का गं तुझा वेगोबा?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"येऊन गेला."

सासूबाईंनी टीव्ही बंद केला, तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सगळं ऐकलं. ईमेल वाचून घेतल्याचा भाग त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतला.