फेब्रुवारीत तिसरीला काय शिकवणार

त्या महिन्यात कुठल्या वर्गाला काय शिकवणार, हे दर महिन्याच्या सुरुवातीला पालकसभेत उभं राहून सांगायची आमच्या शाळेत पद्धत होती. मुख्याध्यापकांनी ती घालून दिलेली. मी वसमतहून जीपने येऊन कुरुंद्याच्या पुढच्या एका गावात शिकवायचे, तिसरीचा वर्ग माझ्याकडे. एरवी मला सभेचं काही वाटत नसे. पण पहिलीपासून सुरू झालेलं इंग्रजी एकेक वर्ग चढत माझ्या तिसरीत येऊन पोहोचलं आणि मला सभेची धास्ती वाटायला लागली. माझं स्वतःचं इंग्रजी दहावीला काठावर सुटलेलं.

फेब्रुवारीच्या सभेला माणसं थोडीच होती, हळद काढणी चालू होती. मी सांगायला लागले. मराठीत जोडाक्षरं आणि पत्रलेखन, गणितात भागाकार, परिसर अभ्यासात आपल्या गावातली पिकं, कार्यानुभवात मातीची फळं. "आणि इंग्रजीत पिकांची, भाज्यांची नावं," हे मात्र मी घाईघाईत उरकलं.

मागे बसलेली एक बाई उठली. शेतातून तशीच आलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती.

"बाई, इंग्रजी तुमाला येतं व्हय?"

दोघं-तिघं हसले. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लेकरांना शिकवण्यापुरतं येतं," मी म्हणाले.

"मंग बरं. आमच्या घरात कोणालाच येत न्हाई. तिला अडलं तर आमी कोणाला इचारावं?"

ती खाली बसली. माझे कान मात्र तापलेलेच राहिले.

पिकांच्या पाठासाठी मी मुलांना घरून नमुने आणायला सांगितले होते. इंग्रजी नावं मी जीपमध्ये ओठातल्या ओठात घोकत आले. ज्वारी, गहू, हरभरा, कापूस, सगळं पाठ. मुलांनी कणसं दाखवली, हरभऱ्याचे घाटे दाखवले, मी नावं सांगत गेले. मग त्या बाईची मुलगी उठली आणि फ्रॉकच्या खिशातून ओल्या हळदीचा तुकडा काढून म्हणाली, "बाई, हिला काय म्हणत्यात?"

अख्खं गाव हळदीवर जगणारं, आणि हळदीचाच शब्द मला येत नव्हता. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत तो नव्हता आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "उद्या विचारून येते."

"बाईला येत न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. तुकडा परत खिशात घालून ती बसली.

मधल्या सुट्टीत मी हे सांगितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "काहीतरी सांगून टाकायचं हो बाई. त्यांना काय कळून राहिलंय?" माझं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतं. मुलगी घरी जाऊन आईला काय सांगेल, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी वसमतला उतरल्याबरोबर मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने हळदीच्या मलमाची डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. "टर्मरिक," तो म्हणाला, आणि मग स्वतःच चाचरला, "का ट्यूमरिक, कुणास ठाऊक." मी स्पेलिंग उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शब्द फळ्यावर लिहिला. मुलीची जागा रिकामी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही रिकामीच. बाईलाच येत नाही तर पोरीला कशाला पाठवायचं, असं आईने ठरवलं असणार. मी मनाशी तसं पक्कंच करून टाकलं. शेवटी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या शेताकडे निघाले.

कढईत हळद शिजत होती, वाफेने डोळे चुरचुरत होते. मला पाहताच तिची आई धडपडत उठली. "बाई, तुमी? काई केलं का हिनं?"

ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

"काही नाही केलं. पण शाळेत काहून येत नाही ती?"

"धाकल्याला संभाळाया कोणी न्हाई वो. सासूबाई लेकीकडं गेल्यात, अन हळद तर थांबत न्हाई. त्या दिशी सभेत तुमी एवढं सारं सांगितलं, ते समदं हिचं ऱ्हाऊन राहिलं. मला रोज तोच घोर हाय."

एवढ्यात मुलगी भावाला कडेवर घेऊन आली. "बाई, घावला का शब्द?"

"टर्मरिक."

ती दोनदा म्हणाली. तिच्या आईचेही ओठ हलले, अर्धाच शब्द बाहेर आला आणि तिने पदर तोंडाला लावला.

"याला घेऊनच येऊ दे शाळेत," मी म्हणाले.

"मोठे गुरुजी वरडतील ना?" आईने विचारलं.

"मी बघते." काय बघणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ती भावाला घेऊन वर्गात आली तेव्हा मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी दोघांना बसू दिलं. बाळ फळ्याखाली पोत्यावर झोपायचं आणि नेमकं भागाकाराच्या वेळी रडायचं. बाहेर मोटारसायकल वाजली की मी दचकायचे. एकदा तपासणीला केंद्रप्रमुख आलेच. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नेमकं त्याच मुलीला फळ्यावर गणित घातलं. बाकी चुकली. "भागाकार पुन्हा घ्या," एवढंच म्हणून ते निघून गेले. मी फळा पुसून तेच गणित पुन्हा घातलं.

महिना संपला तेव्हा भागाकार निम्माच झाला होता, पत्रलेखनाला हात लागला नव्हता. मार्चच्या सभेत मी आधी हे उरलेलं सांगितलं. ती बाई उशिरा येऊन मागे उभी होती.

"मंग ते ह्या महिन्यात होईल का?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणाले. नक्की होईल म्हणायची माझी छाती झाली नाही. तिने मान हलवली आणि ती शेताकडे परत गेली.