खिडकीबाहेरचा हात

अँथनीकाकांनी माझी नोकरी वाचवली, हे आधी लिहितो. मग काय झालं ते.

काल नातवाने गाडी वळवताना दांडी दाबली आणि आत टिकटिक सुरू झाली. आमच्या वेळी वळायचं, थांबायचं, मागच्याला पुढे जा म्हणायचं, सगळं खिडकीबाहेर हात काढून सांगावं लागे.

चौथीतून शाळा सोडून मी कोकणातून आलेलो. लालबागला एका डॉक्टरांची गाडी चालवायचो. त्या सकाळी रस्त्यापलीकडे संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा जमला होता, त्यात आमच्या गावचा सदू दिसला. वर्षभराने गावचं माणूस! मी हात बाहेर काढून जोरात हलवला. मागच्या मोटारसायकलवाल्याला वाटलं, पुढे जा म्हणतोय. तो माझ्या उजवीकडून पुढे निघाला आणि समोरून लॉरी आली.

तेच अँथनीकाका. पेट्रोलच्या वासात, पाय चिरडलेला.

हवालदाराने विचारलं, "हात दाखवला का याने?"

"नाय, नाय. मीच घाई केली."

मी पाणी पाजायला वाकलो तेव्हा हळूच म्हणाले, "हात दाखवायचा तर ज्योतिषाला दाखव रे पोरा."

पाय कापावा लागला. मी मोसंबी घेऊन इस्पितळात जायचो. त्यांची बायको म्हणायची, "ओळख ना पाळख, तरी किती करतोस रे!" काका डोळे मिटून घ्यायचे. मी मोसंबी सोलत राहायचो.

आता ती दोघंही नाहीत. त्यांची मुलगी दादरला असते. काका, एक दिवस तिच्या दारात उभा राहून सांगेन, चूक तुमची नव्हती. तो हात माझा होता.